न दुखणाऱ्या चट्ट्याचा शोध: महाड-पोलादपूरमधून कुष्ठरोग नियंत्रणाकडे पाहताना

२०१९ साली भारतात कुष्ठरोगाच्या १,१४,४५१ नव्या रुग्णांची नोंद झाली. २०२० साली हाच आकडा ६५,१४७ वर आला. वर्षभरात रोग जवळजवळ निम्म्यावर आला असं या दोन आकड्यांवरून कुणालाही वाटेल. पण ते करोनाचं वर्ष होतं. टाळेबंदी होती, घरोघरची सर्वेक्षणं थांबली होती, आरोग्य कर्मचारी दुसऱ्याच कामाला जुंपलेले होते. पुढे आशाताई पुन्हा दारोदार जाऊ लागल्या आणि २०२२ साली नोंद १,०३,८१९ पर्यंत चढली. मधल्या काळात जंतू कुठेही गेला नव्हता. फक्त त्याला शोधणारे घरात बसले होते.

कुष्ठरोगाची आकडेवारी नेहमी अशीच वाचावी लागते. रुग्ण किती आहेत हे ती जितकं सांगते, त्याहून अधिक आपण किती शोधले हे सांगते. औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि रोग पूर्ण बरा होतो. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण दर वर्षी भारतात सापडतात. अडचण औषधाची उरलेली नाही, माणसापर्यंत वेळेत पोहोचण्याची आहे.

ही अडचण समजून घ्यायला महाडची औद्योगिक वसाहत आणि तिच्या पाठीशी सह्याद्रीच्या पायथ्याला पसरलेला पोलादपूर तालुका ही योग्य जागा आहे. रायगड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला माणसं एका ठिकाणी थांबत नाहीत. काही पोटासाठी इथे येतात, काही पोटासाठी इथून जातात. आपली कुष्ठरोगविरोधी यंत्रणा मात्र अजूनही माणसाच्या कायमच्या पत्त्यावर उभी आहे.

आजाराचा स्वभाव

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतल्या गेऱ्हार्ड आर्मोर हॅन्सन यांनी शोधला. दीडशे वर्षं उलटली तरी तो प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाही. त्याची वाढ विलक्षण संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. त्यामुळे जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. लागण कुठे झाली, कोणाकडून झाली, हे बहुतेक रुग्णांना कधीच सांगता येत नाही.

हा रोग फारसा संसर्गजन्य नाही. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या अंगी त्याला रोखणारी ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि निकट सहवासात, मुख्यतः श्वासावाटे, तो पसरतो. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने किंवा पंगतीला एकत्र जेवल्याने पसरत नाही. औषधाचा पहिला डोस पोटात गेल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो.

जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात: त्वचा, कानाच्या पाळ्या, नाक आणि त्वचेलगतच्या नसा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो आणि तेवढ्या जागेची जाणीव जाते. खाज नाही, आग नाही, ठणका नाही. पुढे नसा जाड होतात. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस गेली की पाऊल उचलत नाही. घोट्यामागची नस गेली की तळवा बधिर होतो आणि खिळा रुतला तरी कळत नाही. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही आणि डोळा सुकत जातो. लोक ज्याला ‘महारोग’ किंवा ‘रगतपिती’ म्हणून घाबरले, ती झडलेली बोटं आणि चिघळलेल्या जखमा जंतू थेट करत नाही. बधिर झालेल्या अवयवाला वर्षानुवर्षं होणाऱ्या इजांचा तो परिणाम असतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर तो टाळता येतो.

न दुखणारा चट्टा महाडमध्ये सहज दडतो. वसाहतीत रसायनं आणि औषधं बनवणारे कारखाने आहेत. अंगावर डाग पडला, त्वचा काळवंडली, पुरळ उठलं, की कामगार ‘केमिकल लागलं असेल’ म्हणून सोडून देतो. त्यात कोकणचा पाऊस. चार महिने ओले कपडे आणि दमट हवा यांनी शिबं, गजकर्ण, नायटा घरोघरी असतात. औषधाच्या दुकानातून एक मलम येतं, कुणी झाडपाल्याचा रस लावतं, आणि डाग विसरला जातो. ओळखण्याची खूण साधी आहे. रसायनाचा डाग चुरचुरतो आणि गजकर्ण खाजतं, पण कुष्ठरोगाच्या चट्ट्याला काहीच होत नाही. डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक हलकेच टेकवलं आणि माणसाला स्पर्श कुठे झाला ते सांगता आलं नाही, तर त्याला दवाखान्यात पाठवायला एवढं पुरेसं आहे. रक्त तपासायचं नाही, यंत्र लागत नाही. अंगावरचा कपडा बाजूला करून कुणीतरी नीट पाहायला मात्र हवं.

नोंदवहीपासून सुरुवात

रोगाचा माग काढण्याची आधुनिक पद्धत कुष्ठरोगातूनच आली. १८५६ साली नॉर्वेने कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एका रोगाच्या रुग्णांची देशव्यापी नोंद ठेवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानतात. औषध नव्हतं, जंतूही सापडलेला नव्हता, तरी कोणत्या गावात किती नवे रुग्ण, कोणत्या घरात दुसरा रुग्ण, हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. त्या पायावर उभं राहून हॅन्सन यांनी रोग आनुवंशिक नसून संसर्गजन्य आहे हे मांडलं. १८८८ साली ते अमेरिकेत गेले आणि तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन कुटुंबांची पाहणी केली. स्थलांतरितांमध्ये काही रुग्ण होते, पण त्यांच्या पुढच्या पिढ्यांत रोग आढळला नाही. बाहेरून आलेला माणूस म्हणजे रोगाचं बी, ही भीती तेव्हाही होती. नोंदींनी तिला उत्तर दिलं.

आपल्याकडे १८९० साली मुंबईत वडाळ्याला अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाची सुरुवात झाली आणि १८९८ साली ब्रिटिश सरकारने कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा कायदा केला. त्या काळात उपाय म्हणून सह्याद्रीच्या रानात सापडणाऱ्या कडू कवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांचं तेल टोचत. त्याचा फार उपयोग होत नसे. पुढची वाट मराठी मुलखातल्या सेवाभावी माणसांनी काढली. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आलं. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन उभं राहिलं. समाजाने टाकलेल्या माणसांना या संस्थांनी घर, काम आणि मान दिला.

रोगावर मात करण्यासाठी मात्र संस्थेच्या कुंपणाबाहेर पडावं लागणार होतं. १९५१ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रा. वि. वर्देकरांनी ती पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. प्रशिक्षित कार्यकर्त्याने गाव पिंजून काढायचं, प्रत्येकाचं अंग पाहायचं, लोकांशी बोलायचं आणि गोळी गावातच द्यायची. डॅप्सोन हे स्वस्त औषध तोवर हाती आलेलं होतं. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत देशभर नेली. सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालणारे कुष्ठरोग तंत्रज्ञ आणि अवैद्यकीय सहायक ही एका पिढीच्या ओळखीची माणसं झाली.

डॅप्सोन वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावं लागे. अनेक जण ते मध्येच सोडत. साठच्या दशकात डॅप्सोनला न जुमानणारे जंतू दिसू लागले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन अशा एकत्रित उपचाराची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. वर्धा हा ही पद्धत सर्वांत आधी राबवणाऱ्या भारतातल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १९८३ साली ‘नियंत्रण’ कार्यक्रमाचा ‘निर्मूलन’ कार्यक्रम झाला. पाचपर्यंत चट्टे असलेल्या रुग्णाला सहा महिने आणि त्याहून अधिक चट्टे असलेल्याला बारा महिने औषध, एवढ्यावर उपचार आला.

आकडा घसरला, रोग किती घसरला?

१९८१ साली भारतात दर दहा हजारांमागे ५७.२ रुग्ण होते. २०२५ पर्यंत हा दर ०.५७ वर आला. डिसेंबर २००५ मध्ये देशाने एकाखालचा टप्पा ओलांडला आणि कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ दूर झाल्याचं जाहीर झालं. लाखो माणसांचे हातपाय वाचले. या यशाचं मोल कमी करण्याचं कारण नाही, पण हा आकडा कसा बनतो ते कळायला हवं.

हा दर त्या दिवशी उपचार घेत असलेल्या रुग्णांचा असतो. उपचार पूर्ण झाला की नाव वहीतून निघतं. पूर्वी नाव दहा वर्षं वहीत राहायचं, आता सहा किंवा बारा महिने राहतं. म्हणजे नवे रुग्ण तितकेच राहिले तरी दर झपाट्याने उतरतो. उपचाराचा काळ घटणं हे या घसरणीचं मोठं कारण आहे. म्हणून दर वर्षी सापडणारे नवे रुग्ण पाहावे लागतात. २००५ नंतर तो आकडा भारतात दशकभराहून अधिक काळ सव्वा लाखाच्या आसपास अडकून राहिला.

अडकण्याचं एक कारण त्याच विजयात होतं. रोग संपला म्हटल्यावर वेगळी यंत्रणा कशाला, असा विचार झाला. कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं गेलं. तत्त्व म्हणून ते योग्य होतं, कारण वेगळा दवाखाना वेगळेपणाची जाणीव वाढवतो. पण घरोघर पाहणारे अनुभवी कर्मचारी निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि चट्टा ओळखणारे हात कमी झाले. रुग्णाने स्वतःहून यावं अशी अपेक्षा उरली. जो आजार दुखत नाही त्याचा रुग्ण स्वतःहून कधी येणार? बोटं वाकल्यावर.

२०१६ पासून केंद्राने कुष्ठरुग्ण शोध मोहिमा पुन्हा उभ्या केल्या. आशा आणि पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाऊ लागली, म्हणजे बाईचं अंग बाई पाहील आणि पुरुषाचं पुरुष. हजारो न नोंदलेले रुग्ण समोर आले. २०१७ पासून ३० जानेवारीला, गांधीजींच्या स्मृतिदिनी, ‘स्पर्श’ जागृती अभियान सुरू झालं. २०२३ ते २०२७ च्या राष्ट्रीय आराखड्याने २०२७ पर्यंत प्रसार शून्यावर आणण्याचं ध्येय ठेवलं. जगात जॉर्डनने २०२४ साली हा रोग पूर्ण दूर केल्याची पडताळणी करून घेतली. असं करणारा तो पहिला देश ठरला.

अशा ध्येयाकडे आपण खरोखर जातो आहोत का, हे पाहायचे दोन आकडे आहेत. पहिला: नव्या रुग्णांत मुलं किती? लहान मुलाला रोग झाला म्हणजे प्रसार आजही चालू आहे. देशात हे प्रमाण २०१४-१५ साली ९.०४ टक्के होतं, ते २०२४-२५ साली ४.६८ टक्क्यांवर आलं. दुसरा: निदान होतानाच दिसणारी विकृती किती जणांना? निदान होईपर्यंत हात वाकलेला असेल तर आपण वर्षानुवर्षं उशिरा पोहोचलो. जिल्ह्याने आणि तालुक्याने दर वर्षी हे दोन आकडे लोकांपुढे ठेवले, तर बाकीच्या टक्केवारीची गरज पडणार नाही.

रायगडने आधीच शिकवलेलं

राज्यात विदर्भाच्या पूर्व भागाप्रमाणेच पालघर-ठाणे-रायगड हा पट्टाही कुष्ठरोगाच्या दृष्टीने जुना आणि चिवट आहे. त्यामुळे या जिल्ह्यात प्रयोगही झाले. सत्तरच्या दशकात, जिल्ह्याचं नाव कुलाबा असताना, डॉ. नोशीर अंटिया यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याला एक काम उभं केलं. अंटिया कुष्ठरुग्णांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर पुनर्रचना शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे नामांकित सर्जन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारा हात आधीच वाचवता आला असता, हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना क्षय आणि कुष्ठरोग ओळखायला शिकवलं. या बायकांना घराघरातली माणसं ठाऊक होती. कोण मुंबईला गेलंय, कोण खोकतंय, कोण अंग झाकून वावरतंय, हे त्यांना विचारावं लागत नसे. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना जे जमलं नाही ते त्यांना जमलं. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधाने पुढे ते काम थांबलं, पण २००५ नंतर देशभर आलेल्या आशा योजनेत त्या विचाराची सावली दिसते.

निर्मूलन जाहीर झाल्यानंतरच्या वर्षांत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या मुंबईच्या संस्थेने पनवेल तालुक्यात आणि मुंबईच्या एका वस्तीत घरोघर सर्वेक्षण केलं. कोणत्याही वहीत नाव नसलेले बरेच रुग्ण सापडले, त्यांत मुलंही होती. शोधलं तर सापडतं, एवढा त्याचा अर्थ स्पष्ट होता.

तिसरा धडा थेट महाडचा आहे आणि तो कुष्ठरोगाचा नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसं मरत होती. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदींतून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला. मृत्यूचं प्रमाण अफाट घटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका ग्रामीण केंद्रातून हे घडलं. मोठं रुग्णालय नव्हतं. रुग्णाकडे निरखून पाहणारा आणि पाहिलेलं लिहून ठेवणारा डॉक्टर होता. कुष्ठरोगाला याहून वेगळं काही लागत नाही.

पत्ता बदलणारी माणसं

महाड-पोलादपूरमध्ये शोध घ्यायचा तर चार वेगवेगळ्या माणसांमागे जावं लागेल.

पहिला, वसाहतीतला ठेकेदारी कामगार. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा इथून आलेली तरुण मुलं आजूबाजूच्या गावांत खोल्या घेऊन दाटीवाटीने राहतात. पाळ्या बदलतात आणि झोपायची जागा तीच राहते. ठेका संपला की माणसं दुसऱ्या वसाहतीत जातात. आशाच्या यादीत ‘कुटुंब’ असतं. ही खोली कुणाचंच कुटुंब नसते. सर्वेक्षणाच्या वेळी अर्धे कामावर आणि अर्धे झोपलेले असतात. त्यांच्या गावाकडच्या जिल्ह्यांतही रोग आहे, हे खरं. पण त्यावरून बोट दाखवण्यात अर्थ नाही. पाच-दहा वर्षांनी उगवणाऱ्या आजाराचा उगम आज तो कुठे राहतो यावरून ठरत नाही, आणि कोकणात हा आजार परप्रांतीय कामगार येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

दुसरा, पोलादपूरचा चाकरमानी. मुंबई, ठाणे, सुरत इथल्या खोल्यांत आयुष्य जातं. तिथे तो भाडेकरू म्हणून मोजला जात नाही आणि गावात गैरहजर म्हणून सुटतो. पण गौरी-गणपतीला आणि शिमग्याला तो हमखास घरी असतो.

तिसरी, कातकरी कुटुंबं. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. कार्यालयीन वर्षाच्या सोयीने हिवाळ्यात घेतलेली मोहीम त्यांच्या वाडीवर रिकामी खोपटी मोजून येते. जी मुलं भट्टीवर आईबापांसोबत जातात, ती शाळेच्या आरोग्य तपासणीतही सापडत नाहीत.

चौथी, डोंगरवाड्यांवरची म्हातारी माणसं आणि बायका. चट्टा पाठीवर किंवा मांडीवर असतो, घरच्यांनाही माहीत नसतो. रस्ता पावसात खचतो. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला आणि तळियेवर दरड कोसळली, तेव्हा तालुक्यातलं सगळं जगणं विस्कटलं. औषधाचं पाकीट अठ्ठावीस दिवसांचं असतं. दर महिन्याचा पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा असतो. वाट बंद झाली की डोस चुकतो. सहा पाकिटं नऊ महिन्यांत आणि बारा पाकिटं अठरा महिन्यांत पूर्ण झाली तरी उपचार ग्राह्य धरतात. ही सवलत रुग्णाला कुणी सांगितलेली नसली, तर एक महिना चुकला की सगळं फुकट गेलं असं समजून तो औषधच सोडतो.

सहवासातल्यांना एक गोळी

गेल्या काही वर्षांत हाताशी आलेलं मोठं साधन म्हणजे प्रतिबंधक डोस. बांगलादेशच्या वायव्य भागात झालेल्या मोठ्या चाचणीत, नव्या रुग्णाच्या निकट सहवासातल्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस दिल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातला रोग ५७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. भारतानेही हा उपाय कार्यक्रमात घेतला आहे. संपर्कातल्या प्रत्येकाला आधी तपासायचं, त्याला कुष्ठरोग किंवा क्षय नाही याची खात्री करायची आणि मग डोस द्यायचा.

या उपायाची सगळी ताकद सहवासितांच्या यादीत आहे. घरातली माणसं, शेजारी, वर्गातली मुलं यांची यादी सोपी. वसाहतीतल्या खोलीची यादी अवघड. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत झोपणारे चौघे आज कुठे आहेत? खोलीमालकाकडे आणि ठेकेदाराकडे त्यांची नावं असतात. आरोग्य खात्याकडे नसतात. ‘निकुष्ठ’ या राष्ट्रीय संगणकीय नोंदणीमुळे रुग्णाचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात चालू ठेवणं शक्य झालं आहे. तशीच सहवासिताची नोंदही त्याच्यामागे जायला हवी. २०२५ साली महाराष्ट्राने कुष्ठरोग अधिसूचित आजार ठरवला. निदान झालेला रुग्ण दोन आठवड्यांत कळवणं आता खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. महाडमध्ये अंगावरच्या डागासाठी बहुतेक लोक आधी खासगी दवाखान्यातच जातात, म्हणून हा बदल इथे महत्त्वाचा आहे.

गोळी चालू झाल्यावरही काम संपत नाही. उपचारादरम्यान किंवा नंतर काहींना ‘रिअॅक्शन’ येते: चट्टे लाल होतात, नसा सुजतात, हातातली शक्ती काही दिवसांत जाते. लगेच स्टिरॉइड मिळालं तर नस वाचते. सहा महिने उशीर झाला तर बहुधा वाचत नाही. रसायनाच्या टाकीपाशी किंवा तापलेल्या नळ्यांजवळ काम करणाऱ्याचा हात बधिर असेल तर त्याला भाजल्याचं कळणारही नाही. त्याला काम बदलून मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे. पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पनवेलकडे पाहावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. रोजंदारी बुडवून हा प्रवास किती जण करतील?

नोकरीची भीती

कारखान्याच्या फाटकावर सरसकट तपासणी सुरू केली तर कामगार अंग दाखवेल का? ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नसेल तर तो दाखवणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. क्लोफाझिमीनने त्वचा काळवंडते. ते पाहून खोलीतले विचारू लागतात, आणि अनेक जण तिथेच गोळी सोडतात. भीती रुग्णाला लपवते, लपलेला रुग्ण उशिरा सापडतो, उशिरा सापडल्याने विकृती येते, आणि विकृती पाहून लोकांची भीती वाढते. हे चक्र औषधाने तुटत नाही.

कायदा रुग्णाच्या बाजूने सरकला आहे. १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठरोगमुक्त व्यक्तींना स्थान दिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागृती, उपचार आणि पुनर्वसनाबाबत सरकारांना सविस्तर निर्देश दिले. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही. १९२७ साली सार्वजनिक तळ्यावर प्रत्येकाचा हक्क आहे हे ज्या महाडने देशाला ऐकवलं, त्या महाडमध्ये आजारापायी कुणाला कामावरून किंवा खोलीतून काढलं जाऊ नये, ही अपेक्षा जास्तीची नाही.

इथून पुढे

महाड-पोलादपूरसाठी नवी इमारत किंवा नवं खातं लागणार नाही. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांची दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करणं १९८७ पासून कायद्याने बंधनकारक होतं. नव्या कामगार संहितेतही वार्षिक तपासणीची तरतूद आहे. त्या तपासणीत सदरा काढून पाठ, दंड, मांड्या पाहणं, कानाच्या पाळ्या आणि कोपरामागची नस चाचपणं, एवढी दोन-तीन मिनिटं वाढवावीत. ठेकेदारी कामगारांनाही त्यात आणावं, आणि निदानाचा कागद फक्त डॉक्टर आणि कामगार यांच्यात राहावा. कारखानदारांच्या संघटनेने लेखी द्यावं की उपचार घेणाऱ्या कुणाचंही काम जाणार नाही. ही हमी फाटकावर लावली तरच बाकीच्या मोहिमेला अर्थ येईल.

शोधाचं वेळापत्रक माणसांच्या येण्याजाण्यावर बेतावं. चाकरमान्यांसाठी गणपती आणि शिमगा, कातकरीवाड्यांसाठी ज्येष्ठ महिना, खोल्यांसाठी पाळी सुटल्यानंतरची संध्याकाळ. गावकीची मुंबई मंडळं वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करतात आणि सभा घेतात. सदस्यांची तपासणी हे त्यांच्या एखाद्या सभेचं काम होऊ शकतं. आशाला या कामाचा मोबदला वेळेवर मिळावा, आणि चट्टा ओळखायला शिकवण्यासाठी दर वर्षी प्रत्यक्ष रुग्ण दाखवून प्रशिक्षण व्हावं, कारण तक्त्यावरचं चित्र आणि सावळ्या अंगावरचा फिकट डाग यांत फार अंतर असतं.

आणि आकडा वाढला तर घाबरू नये. शोध नेटाने झाला तर पहिल्या दोन-तीन वर्षांत महाड-पोलादपूरची नोंद वाढेल. तसं झालं तर त्यासाठी आरोग्य अधिकाऱ्याला जाब विचारण्याऐवजी त्याची पाठ थोपटायला हवी. जाब विचारायचा तो वाकलेल्या बोटांसह सापडलेल्या प्रत्येक नव्या रुग्णासाठी: हा माणूस गेली पाच वर्षं कोणत्या कारखान्यात, कोणत्या भट्टीवर, कोणत्या शाळेत होता, आणि तिथे त्याच्या अंगाकडे कुणी का पाहिलं नाही?